सशानं नाकारलेलं गवत
वैरणीची पारख गंजीच्या पोटात हात घातल्याशिवाय होत नाही

"गवत ते गवत, त्यात काय बघायचं?" असे म्हणणारा शेतकरी गावोगाव भेटतो. बियाणे घेताना आपण पिशवीवरची चिठ्ठी वाचतो. बैल घेताना दात बघतो, म्हैस घेताना दोन वेळची धार काढून बघतो. पण वैरणीची गाडी दारात आली की "शेकडा कितीला?" एवढेच विचारतो आणि उतरून घेतो. मागच्या वर्षापर्यंत आमच्या घरीही हीच रीत होती. ती मोडली एका सशाने.

आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, खटाव तालुक्यात. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तर आमच्याकडे पाचशेचा आकडा गाठला तरी वर्ष चांगले गेले म्हणायचे. त्यामुळे डोंगरी गवत आणि भाताचा पेंढा पाटण-जावळीकडून येतो आणि आमच्याकडचा शाळूचा कडबा बाहेर जातो, हे जुनेच चक्र आहे. दिवाळीनंतर आम्ही एका व्यापाऱ्याकडून गाडीभर डोंगरी गवत घेतले. वरच्या पेंड्या पिवळ्याधमक, दिसायला देखण्या. गंज रचली, वर ताडपत्री टाकली आणि वर्षाची काळजी मिटली असे समजून निवांत झालो.

त्याच सुमारास धाकट्या भावाच्या मुलीने हट्ट करून पांढऱ्या सशांची जोडी आणली. खुराडे झाले, पाण्याचे भांडे झाले. खायला काय? तर दारात गंज उभी आहेच, त्यातले मूठभर गवत उपसून टाकले. सशांनी हुंगले आणि मान फिरवली. पोरीला वाटले, नवी जागा आहे, खातील उद्या. तोवर कोबीची पाने, चपातीचा तुकडा, बिस्कीट असे चालू ठेवले. ते मात्र सशांनी आवडीने खाल्ले. गवत तसेच पडून. तिसऱ्या दिवशी मादी कोपऱ्यात अंग चोरून बसली. लेंड्या बारीक झाल्या, मग बंदच झाल्या.

तालुक्याच्या दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गवत कुठलं घालता?" पोरीने पिशवीत थोडे बरोबर नेले होते. त्यांनी ते हातात घेतले, नाकाशी नेले आणि माझ्याकडे बघितले.

"हेच तुम्ही म्हशीलाही घालता का?"

"व्हय, तेच की."

"मग सशापेक्षा तुम्हालाच आधी औषध द्यायला पाहिजे."

मादी त्या रात्री गेली. नर तेवढा वाचला.

दुसऱ्या दिवशी आमच्या आबांनी गंजीची ताडपत्री ओढून काढली आणि मधल्या पेंड्या उपसायला लावल्या. वरचे दोन थर सोडले तर आतले गवत काळपट पडलेले. पेंडी सोडली की पांढरा धुरळा उडे आणि खोकला लागे. वास ओल्या गोणपाटासारखा. दोन आठवड्यांपासून म्हैस वैरण मागे टाकत होती, दूध उतरले होते. आम्ही म्हणत होतो, थंडी पडलीय. आबा गव्हाणीत उरलेली चघळ हातात धरून म्हणाले, "जनावर बोलत न्हाय रं, पर ह्यी चघळ बोलतीया. आपुन ऐकत न्हाय."

ससा ते बोलला. पण बोलण्याची किंमत त्याने जिवाने मोजली. म्हणून हा लेख.

ससा एवढा नाजूक का?

गाय, म्हैस, बैल ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. चारा आधी तिथे आंबतो, पुन्हा तोंडात येतो, चावला जातो. त्यामुळे हलकी वैरणही ती काही प्रमाणात पचवून नेतात. सशाचे तसे नाही. तो रवंथ करत नाही. त्याच्या पोटात चारा आंबतो तो लहान आतडे संपून मोठे सुरू होते तिथल्या मोठ्या पिशवीत, म्हणजे पचनाच्या वाटेच्या शेवटाकडे. तिथे तयार झालेले पोषण वाया जाऊ नये म्हणून ससा रात्री किंवा पहाटे मऊ, चिकट लेंड्या टाकतो आणि त्या स्वतःच खातो. ते बघून घाबरू नये. तो आजार नव्हे, त्याची पचनाची रीत आहे.

हे सगळे चक्र फिरते ठेवते ते गवतातले लांब तंतू. गवत कमी पडले आणि चपाती, बिस्कीट, धान्य जास्त झाले की आतडे मंदावते आणि गॅस धरतो. सशाला ओकता येत नाही, त्यामुळे आत गेलेले बाहेर काढायची वाटही नाही. बारा तासांत सशाने काही खाल्ले नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर ते दुखणे उद्यावर ढकलायचे नसते. आम्ही दोन दिवस ढकलले.

दुसरी गोष्ट दातांची. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला दोन मिलिमीटरच्या आसपास वाढतात. गवत दाढांखाली रगडून रगडूनच ते झिजतात. मऊ खाण्यावर ठेवलेल्या सशाचे दात वाकडे वाढतात, गालात-जिभेत रुततात आणि समोर खाणे असून तो उपाशी राहतो.

म्हणून मोठ्या सशाच्या खाण्यात बराच मोठा वाटा वाळलेल्या गवताचा हवा. साधा हिशेब म्हणजे सशाच्या अंगाएवढा गवताचा ढीग रोज त्याच्यापुढे पाहिजे आणि तो रात्रीही संपता कामा नये. बरोबर थोडा हिरवा पाला आणि कायम स्वच्छ पाणी. रोजचे शंभर ग्रॅम गवत धरले तरी एका सशाला वर्षाला छत्तीस-सदतीस किलो पुरते. एवढ्याशा गवतासाठी हलका माल घेण्याचे कारणच नाही.

आणि म्हशीचे काय? तिला रोज सहा किलो वाळली वैरण धरली तर वर्षाला बावीस क्विंटल होते. ती सशासारखी तिसऱ्या दिवशी मरत नाही, म्हणून आपण तिच्यापुढे काहीही टाकतो. पण बुरशीची वैरण तिलाही सोडत नाही. दूध उतरते, पोट बिघडते, गाभण जनावराचा गाभही पडू शकतो. पंजाब-हरियाणाकडे बुरशी लागलेला भाताचा पेंढा खाऊन म्हशींचे कान, शेपटीचे टोक आणि खूर सडून झडतात. त्या रोगाला डेगनाला म्हणतात. माणसाचीही सुटका नाही. बुरशीचा धुरळा वर्षानुवर्षे छातीत गेला की दम्यासारखा त्रास जडतो. गंज उपसताना खोकला येतो तो "धुळीचा" म्हणून सोडून देऊ नये.

गवत कापणीच्या दिवशीच ठरते

चांगले आणि वाईट गवत यांतला पहिला फरक जातीचा नसून वेळेचा असतो. गवत फुलोऱ्यात येते तेव्हा त्यात पाने भरपूर असतात, काडी मऊ असते आणि सात-आठ टक्क्यांपर्यंत प्रथिने सापडतात. बी पिकून झडले की तेच गवत तीन-चार टक्क्यांवर येते. उरते ती काडी. ती पोट भरते, पण पोसत नाही.

आपल्याकडे अडचण अशी की डोंगरातले गवत भाद्रपद-आश्विनात फुलोऱ्यात येते, तेव्हा पावसाने पुरती पाठ फिरवलेली नसते. कापले आणि परतीच्या पावसात सापडले तर काळे पडते. म्हणून लोक दिवाळीनंतर, रान पिवळे झाल्यावर विळा लावतात. गवत भिजत नाही हे खरे, पण तोवर त्यातले सत्त्व गेलेले असते. भिजलेले गवत काळे पडून फसवते आणि उशिराचे गवत पिवळेधमक दिसून फसवते.

यावर उपाय एकच, सगळे रान एकदम न कापता उघडीप बघून तुकड्यातुकड्याने कापायचे. हवामान खात्याचा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आता मोबाईलवर मिळतो. तीन दिवस कोरडे दिसत असतील तर सकाळी दव उडाल्यावर कापावे आणि पातळ पसरावे. दुपारनंतर एकदा उलथावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा उलथावे, काडी कडकन मोडू लागली की पेंडी बांधावी. फार उन्हात आठ-आठ दिवस टाकून ठेवले तर हिरवा रंग आणि वास दोन्ही उडतात. लसूणघास वाळवायचा असेल तर सावलीतच वाळवावा आणि हलवाहलव सकाळच्या गारव्यात करावी. नाहीतर पाने गळून जागेवर राहतात आणि घरी काड्या येतात.

पारख कशी करावी?

विकत घेताना वरची पेंडी बघू नका. वरची पेंडी ही दुकानाच्या दारातली आंब्याची पेटी असते. गाडीच्या किंवा गंजीच्या पोटातून निदान पाच पेंड्या वेगवेगळ्या जागांवरून ओढून काढा, त्या सोडा आणि मग पुढचे बघा.

नाक : चांगल्या गवताला गोडसर, ताजा, रानाचा वास असतो. कुबट, आंबूस किंवा जळकट वास आला की तिथेच थांबा. वासच नसेल तर गवत फार जुने किंवा फार उन्हात तळलेले आहे. पोट भरेल, त्यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नका.

डोळा : रंग हिरवट हवा, निदान हिरव्याची झाक हवी. सगळे पिवळे म्हणजे उशिरा कापलेले. तपकिरी म्हणजे गंजीत तापलेले. काळे-पांढरे डाग म्हणजे भिजलेले आणि बुरशी धरलेले. पेंडीचा बांध सुटल्यावर बांधाच्या जागी बघावे, कारण ओल तिथेच दडलेली असते.

हात : मूठभर गवत पिळून बघा. मऊ असावे, पण ओलसर लागू नये. काडी वाकवली की मोडली पाहिजे. गंजीच्या पोटात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली तर गवत ओले रचलेले आहे आणि आत आंबते आहे.

पान : मूठभर गवतातली पाने एका बाजूला आणि काड्या दुसऱ्या बाजूला करा. पानांचा ढीग मोठा असेल तर पैसे वसूल. पोषण पानात असते, वजन काडीत असते आणि आपण पैसे मात्र वजनाचे मोजतो.

धुरळा : पेंडी पांढऱ्या धोतरावर किंवा जमिनीवर दोनदा आपटा. माती पडली तर ती झटकून निघते. पांढरट भुकटी उडाली तर ती बुरशी, आणि ती झटकून निघत नाही. अशी पेंडी कोणत्याच जनावराला घालू नये.

मिठाची परीक्षा : ओल किती आहे याचा अंदाज घरच्या घरी घेता येतो. काचेची कोरडी बरणी घ्या. त्यात बोटाच्या पेराएवढे तुकडे केलेले गवत अर्धी बरणी भरेल इतके टाका. तव्यावर कोरडे केलेले बारीक मीठ चमचाभर घालून झाकण लावा आणि दोन मिनिटे हलवा. मीठ सुटे राहिले तर गवत साठवण्याजोगे आहे. मिठाचे खडे बनले किंवा ते काचेला चिकटले तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे, असे गवत आणखी वाळवल्याशिवाय रचू नये.

याशिवाय तीन गोष्टी पेंडी सोडूनच कळतात. एक, कुसळ. कुसळी गवत कोवळे असताना चांगले, पण बी धरल्यावर त्याची टोकदार कुसळे सशाच्या तोंडात, डोळ्यांत आणि शेळ्या-मेंढ्यांच्या कातडीतही रुततात. दुसरे, तण. गाजरगवत, घाणेरी यांचे तुकडे गवतात आलेले असतील तर वेचून काढावेत. जास्तच असतील तर माल परत करावा. घाणेरी जनावराच्या यकृतावर उठते. तिसरे, फवारणी. बांधावरचे गवत शेजारच्या पिकावर किंवा तणावर औषध मारल्यानंतर कापलेले नाही ना, हे विचारून घ्या. हे डोळ्यांना दिसत नाही, विचारावेच लागते.

कोणते गवत कोणाला?

शहरातल्या दुकानांत सशासाठी 'टिमोथी' नावाचे परदेशी गवत पाकिटांतून मिळते. गवत चांगले आहे, वादच नाही. पण ते थंड मुलखातले पीक. त्याच्यावाचून आपल्याकडचा ससा जगत नाही असे मुळीच नाही. आपल्या रानात त्याच्या तोडीला उतरणारी गवते आहेत.

पहिली हरळी. आपण तिला शेतातून खणून बांधावर फेकतो आणि गणपतीला मात्र तिचीच दुर्वा वाहतो. बाहेरच्या देशांत हीच हरळी 'बर्म्युडा' या नावाने पिकवून, वाळवून घोड्यांना आणि सशांना विकली जाते. बारीक, पानेदार आणि लवकर वाळणारी. एका सशाला लागणारी हरळी पाटाच्या कडेलाही मिळेल. फक्त सांडपाण्यावरची आणि रस्त्याकडेची घेऊ नये.

दुसरे मारवेल. आपल्या गायरानांतले हे जुने, गोड गवत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने याच्या सुधारित जाती दिल्या आहेत. बांधावर ठोंबे लावले तर वर्षानुवर्षे टिकते. फुलोऱ्यात कापून वाळवलेले मारवेल म्हैस, शेळी आणि ससा तिघेही चवीने खातात. अंजन आणि पवन्या ही गवतेही वेळेवर कापली तर उत्तम. पाण्याची सोय असेल त्याने रब्बीत ओट करावा. राहुरीचीच 'फुले हरिता' ही ओटची जात आपल्याकडे माहितीची आहे. दाणा भरण्याआधी कापून वाळवला की सशाला याहून चांगली वैरण नाही.

शाळूचा कडबा बैलाला. मालदांडीचा कडबा जनावरे आवडीने खातात हे आपण जाणतोच. पण सशाला त्याची ताटे जाड पडतात. तो पाने कुरतडेल आणि बाकी टाकून देईल. कडब्यावर ससा पोसण्याचा विचार करू नये. भाताचा पेंढा आणि गव्हाचे काड सशाला खाली अंथरायला ठीक, त्यात पोषण फार थोडे.

लसूणघासाबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. "घास भारी, मग सशाला घासच घालू," असे लोक म्हणतात. घासात प्रथिने आणि चुना दोन्ही भरपूर. सहा महिन्यांच्या आतली पिल्ले आणि दूध पाजणारी मादी यांना तो मानवतो. पण मोठ्या सशाला रोज घासच घातला तर चुन्याचा साका लघवीत साचतो, लघवी दाट खडूच्या पाण्यासारखी होते आणि खडे धरतात. मोठ्याला गवत मुख्य, घास चवीपुरता.

आणि एक सक्त सूचना. टंचाईत आपण शंभर किलो काडाला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून लावतो, एकवीस दिवस झाकून ठेवतो आणि जनावरांना घालतो. ती प्रक्रिया रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांसाठी आहे. लहान वासरे, घोडा आणि ससा यांच्यापुढे असा चारा चुकूनही टाकू नये.

शेकड्याने की किलोने?

आपल्याकडे कडबा शेकड्याने आणि गवत भाऱ्याने घेण्याची पद्धत आहे. पेंडी केवढी, याला मात्र काही माप नाही. एकाची पेंडी सव्वा किलो भरते, दुसऱ्याची नऊशे ग्रॅम. शंभर पेंड्यांमागे सव्वाशे किलो आणि नव्वद किलो एवढा हा फरक आहे. स्वस्तात घेतले असे वाटते आणि घरी आल्यावर महिनाभर आधीच गंज संपते. म्हणून वेगवेगळ्या जागांवरच्या दहा पेंड्या तराजूला लावाव्यात, सरासरी काढावी आणि भाव किलोचा बोलावा. व्यापारी कुरकुर करील. करू द्या. ज्याचा माल चोख आहे तो तराजूला घाबरत नाही. ओला माल वजनाला जास्त भरतो हेही ध्यानात ठेवावे, म्हणजे मिठाची बरणी आधी आणि तराजू नंतर.

घरी आणल्यावर

निम्मी वैरण घेताना चुकते आणि निम्मी ठेवताना. गंज उघड्या जमिनीवर रचू नये. खाली दगड, लाकडाचे ओंडके किंवा बाभळीच्या फांद्यांचा थर द्यावा. भोवती पाणी वाहून जायला चर काढावा. माथा निमुळता ठेवावा. ताडपत्री गवताला घट्ट चिकटवून बांधली की आत घाम धरतो, आमचे तेच झाले. वारा खेळायला बाजू मोकळ्या ठेवाव्यात. रचल्यानंतर पहिले दोन-तीन आठवडे अधूनमधून हात घालून ऊब बघावी. ओले गवत आतून इतके तापते की कधी गंज आपोआप पेट घेते. हाताला चटका बसण्याइतकी तापली असेल तर एकट्याने उपसायला जाऊ नये. वारा लागताच ती भडकू शकते. माणसे आणि पाणी जवळ घेऊनच हात लावावा.

सशाचे गवत थोडे असते. ते प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. कोरड्या पोत्यात किंवा खोक्यात, उंदराच्या मुताचा वास लागणार नाही अशा उंच जागी टांगून ठेवावे. घालण्याआधी प्रत्येक मूठ झटकून, हुंगून घालावी. एक मिनिटाचे काम आहे.

गावाच्या कारभाऱ्यांसाठी दोन शब्द

हा विषय एकट्या शेतकऱ्याचा नाही. गायरानातले गवत ही गावाची दौलत आहे. तिचा लिलाव दिवाळीनंतर ठेवला तर गवत पिकून काडी झालेली असते. गवत घेणाराही फसतो आणि पंचायतीलाही भाव येत नाही. लिलाव फुलोऱ्याआधी उरकला, कापणीची मुदत अटीत लिहिली आणि बी पडण्यासाठी एक पट्टा राखून ठेवला, तर त्याच जमिनीतून कसदार गवत निघेल आणि पुढच्या वर्षी पुन्हा उगवेलही. पावसाळ्यात गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटून काढणे आणि उन्हाळ्यात वणवा लागू नये म्हणून जाळपट्टा काढणे, ही दोन कामे ग्रामसभेत ठरवून करता येतात. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या टंचाईत माण-खटावची जनावरे चारा छावण्यांत उभी होती, हे विसरून चालणार नाही. सुगीच्या वर्षी राखलेली चांगली गंज हीच टंचाईच्या वर्षातली पहिली छावणी असते.

आणखी एक. सरपंच, पोलीस पाटील यांनी पोरांना बजावावे की रानातला ससा धरून आणून पाळायचा नसतो. तो पाळीव सशाहून वेगळा प्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला धरणे, कोंडणे, मारणे हा गुन्हा आहे. घरी पाळतात तो पांढरा, काळा, करडा ससा मुळात युरोपातल्या जातीचा.

शेवटी

आमच्या गंजीतला निम्म्याहून जास्त माल उकिरड्यात गेला. तो खत झाला, तेवढेच समाधान. उरलेल्या चांगल्या पेंड्या आबांनी निवडून वेगळ्या रचल्या. नव्या मालाला त्यांनी स्वतः जाऊन, गाडीच्या पोटात हात घालून, बरणीत मीठ हलवून पास केले. व्यापारी हसला, "आबा, गवत घेताय का सोनं?" आबा म्हणाले, "सोनं खोटं निघालं तर पैसं जात्याल. ह्ये खोटं निघालं तर जीव जातो."

महिनाभरात म्हैस गव्हाण चाटूनपुसून साफ करू लागली. दूधही पहिल्यावर आले. पोर आता मादी गेलेल्या जागेवरून जाताना गप्प होते, पण नराचे सगळे करते. पाटाच्या कडेची हरळी आणून माळ्यावर वाळवते, रोज सकाळी मूठ झटकून हुंगते आणि मगच खुराड्यात टाकते. नवीन पेंडी सोडली की आबा आता तिलाच हाक मारतात, "आण गं तुझा ससा, बघू काय म्हणतोय!" सशाने हुंगून खायला सुरुवात केली की ती पेंडी म्हशीच्या गव्हाणीत जाते.

शेतकरी बंधूंनो, दारात ससा असलाच पाहिजे असे नाही. आज संध्याकाळी गव्हाणीजवळ जा, जनावराने काय मागे टाकले आहे ते उचलून नाकाशी न्या आणि मग गंजीच्या पोटात हात घाला. जे बाहेर येईल ते बघून पुढची गाडी घ्यायची की नाही हे ठरवा.